सुशील आचाऱ्याची साक्ष

नागपूरच्या मोहननगरात सुशील नावाची तीन-चार माणसं निघतील, पण सुशील आचारी एकच. मिशनच्या एका मुलींच्या हॉस्टेलात तो वर्षभर स्वयंपाक करतो आणि मे महिन्यात दहा दिवस चर्चच्या मंडळीच्या तरुणांच्या कॅम्पला जातो. शंभर माणसांचं मीठ तो मुठीनं टाकतो आणि चाखून पाहत नाही. चाखून पाहणारे आचारी त्याच्या मते अजून शिकाऊ. बाकी माणूस गरीब, चार लोकांत बोलायची वेळ आली की एप्रनला हात पुसत राहणारा.

कॅम्पची जागा कामठीच्या पुढे, कन्हान नदी ओलांडली की डाव्या हाताला. चार एकर मैदान, सात चिंचा, एक बोअर आणि पत्र्याचा हॉल. मे महिन्यात नागपूरचा शहाणा माणूस कूलरसमोरून हलत नाही. आणि ही मंडळी नेमक्या त्याच दिवसांत नव्वद पोरं उघड्यावर घेऊन जातात, कारण सुट्ट्या तेव्हाच असतात. पहाटे साडेपाचला पोरं मैदानात. कोरड्या नाल्यावर बांधलेल्या दोरावरून पलीकडे जायचं, बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या वाचत लपवलेला खजिना शोधायचा, टाकीच्या ओट्यावरून डोळे मिटून मागं पडायचं आणि खालच्यांनी झेलायचं. नऊनंतर हॉलमध्ये गाणी, वचन आणि घाम. रोज नाश्त्याआधी 'ओझं' सांगायची पद्धत. ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याचं नाव माइकवर घ्यायचं, मग सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी प्रार्थना करायची. आणि संध्याकाळी साक्ष. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं.

आचाऱ्यासाठीही एक रिवाज होता. चूल पेटवायच्या आधी त्यानं मोठ्यानं प्रार्थना म्हणायची. सुशील वीस वर्षं म्हणत आला. पहिल्याच वर्षी ती प्रार्थना म्हणताना त्यानं एक डोळा उघडला, तर समोर औषधांची पेटी घेऊन आलेली दवाखान्यातली आया डोळे उघडे ठेवून त्याच्याकडेच पाहत होती. ती शामला. डिसेंबरात दोघांचं लग्न झालं.

चार वर्षांपूर्वी शामलाच्या किडन्या गेल्या. अकरा महिने डायलिसिस चाललं. मंडळीनं प्रार्थनेची साखळी धरली, रात्रंदिवस कुणी ना कुणी गुडघ्यावर. एका वडीलधाऱ्या माणसानं तिच्या उशाशी उभं राहून सांगितलं, की ती बरी झालीच असं समजा आणि शंका काढून टाका. सुशीलनं शंका काढून टाकली. खरोखर काढली, त्याला कामं नीट करायची सवय होती. शामला एका गुरुवारी गेली. पाळकसाहेब म्हणाले, प्रभूची योजना आपल्याला कळत नाही. सुशीलनं मान हलवली. त्याला ती खरंच कळली नव्हती.

रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला निदान समोर कुणीतरी लागतं. सुशीलच्या समोर कुणीच उरलं नाही. तो उपासनेला जायचा, प्रभुभोजन घ्यायचा, चुलीपाशी जुनीच वाक्यं म्हणायचा, आणि आतमध्ये काहीही हलायचं नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? सांगायची जागा होती ती शामलाच.

मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत रितिकानं विचारलं. त्यांची एकुलती एक लेक, सोळा वर्षांची, अकरावीत. आईसारखीच डोळे उघडे ठेवणारी. दोघं भांडी घासत होती.

"पप्पा, तुम्ही प्रार्थना म्हणता तेव्हा तुमचे ओठच हलतात. तुम्ही तिथं नसता. काहून?"

सुशीलला खोटं सुचलं नाही. तेव्हा सुचत नव्हतं. "तुझी मम्मी गेली तेव्हापासून मले तिकडं कोणी आहे असं वाटतच नाही बेटा. सवय आहे म्हणून बोलतो. बस."

रितिकानं नळ बंद केला. ताट तेच ते पुसत राहिली. सुशीलला मात्र त्या रात्री दोन वर्षांनी धड झोप लागली. कुणाला सांगू नको, असं म्हणायचं त्याच्या डोक्यात आलंच नाही. आपल्याच लेकीला असं बजावायचं असतं, हे कुठल्या बापाला सुचेल?

त्या मे महिन्यातल्या कॅम्पचा विषय होता 'निर्भय'. पोरांच्या टी-शर्टच्या पाठीवर तो छापलाही होता. कॅम्प चालवणारे अपूर्व सर पुण्याहून शिकून आलेले, सत्तावीस वर्षांचे, गिटार छान वाजवायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ते पोरांना सांगायचे, की झाकून ठेवलेल्या गोष्टीत सैतान घर करतो, म्हणून नाव घेऊन बोला, घाबरू नका. सोळा वर्षांच्या मुलीला अशी वाक्यं कशी लागतात, हे सत्तावीस वर्षांच्या माणसाला कळायला हवं होतं. तोही अजून त्याच नशेत होता.

चौथ्या दिवशी सकाळी सुशील पोह्यांवर घालायची तिखट तर्री उकळत होता. शेजारी सिंधूताई सोजी चाळत होती. ती कन्हान गावची, बौद्ध घरची, दरवर्षी दहा दिवस पोळ्या लाटायला यायची. ह्यांच्या देवाशी तिचं भांडण नव्हतं आणि देणंघेणंही नव्हतं. कर्ण्याचं तोंड नेमकं स्वयंपाकघराकडे होतं. त्यातून रितिकाचा आवाज आला.

"माझं ओझं माझे पप्पा आहेत. ते आपल्या सगळ्यांचा स्वयंपाक करतात. रोज चुलीजवळ प्रार्थना म्हणतात. पण मम्मी गेल्यापासून त्यांचा प्रभूवर विश्वास राहिला नाही. त्यांनी स्वतः मले सांगितलं. मी आतापर्यंत भीत होती, पण आता भीत नाही. पप्पा मनापासून प्रार्थना करत नाहीत तोपर्यंत मी अन्नाले हात लावणार नाही."

 मग टाळ्या सुरू झाल्या.

सुशील झारा धरून उभा होता. सिंधूताईनं त्याच्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे.

"भाऊ, तर्री लागून राहिली."

त्याला ऐकू आलं, पण हात हलला नाही. शेवटी तिनंच उठून गॅस बंद केला. तोवर नव्वद पोरं स्वयंपाकघरात शिरली होती. कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी पाठीवर, दहावीतल्या एका पोरानं तर चक्क डोक्यावर. सगळी एकदम प्रार्थना करत होती आणि रडत होती. मनापासून रडत होती, हेच वाईट होतं. कुणी टिंगल केली असती तर सुशील रागवू शकला असता. आता तो सगळ्यांच्या मधोमध, एप्रन घातलेला, उघडा पडलेला. शेवटी तो 'आमेन' म्हणाला. दाराशी उभ्या रितिकानं त्याचा चेहरा नीट पाहिला आणि मान हलवली. हे नाही, असं.

दुपारी त्यानं तिला चिंचेखाली गाठलं.

"जेव ना वं बेटा. घरी गेल्यावर बोलू आपण."

"घरी तुम्ही कुठं बोलता, पप्पा?"

"बरं, मी ठेवतो विश्वास. झालं?"

"असं नाही. मले कळते." मग तिचा आवाज फुटला. "तुम्ही असेच राहिले तं मेल्यावर मम्मी एकीकडं अन् तुम्ही दुसरीकडं. मी काय करू मग?"

एवढं तिच्या मनात होतं. सुशीलला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण पोरं पाहत होती आणि ती निर्भय व्हायचं ठरवून उभी होती.

तो अपूर्व सरांकडे गेला. सर म्हणाले, "भाऊ, मी तिला दोनदा समजावलं. ती ऐकत नाही. खरं सांगू का, एवढा विश्वास मी कुठल्या मुलीत पाहिला नाही. आणि हा उपास सोडवणं माझ्या हातात नाहीच. तुमच्या हातात आहे." हे त्यांनी फार प्रेमानं, सुशीलचा हात हातात घेऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी राजमा ठरला होता. सुशीलनं कुणाला न विचारता बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला, रितिकाच्या आवडीचा, भिवापुरी मिरचीचा, वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून. रितिकानं वाढायचं काम मागून घेतलं. हातात बादली घेऊन पंगतीत फिरली, प्रत्येकाला दोन-दोन पाटोड्या आग्रहानं वाढल्या, बादली धुऊन परत आणून दिली आणि तांब्याभर पाणी पिऊन हॉलमध्ये गेली. पारा पंचेचाळिसावर होता. जन्मभर लोकांना जेवू घातलेल्या माणसाची पोर त्याच्यासमोर उपाशी हिंडत होती, आणि कारण तोच होता.

उपासाच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे हॉलमध्ये असताना, सुशील सामानाच्या खोलीत गेला. कांद्यांच्या पोत्यांमध्ये त्यानं गुडघे टेकले. त्याला खरोखर प्रार्थना करायची होती, खोटी नाही. त्यानं आकाशातल्या बापाला हाक मारली आणि वाट पाहिली. पाव तास गेला, अर्धा तास गेला. डोळे मिटले की शामला दिसायची, पदर खोचून औषधाच्या बाटल्या पुसणारी. तिच्यापलीकडे काही दिसत नव्हतं. शेवटी त्यानं सौदाही करून पाहिला. मले काही देऊ नको, मी आलो तसा जातो, पण त्या पोरीले जेवू दे. भिंतीला सांगितल्यासारखं ते शब्द तिथंच राहिले. गुडघे दुखायला लागले तेव्हा तो उठला आणि संध्याकाळच्या भाताला तांदूळ निवडायला बसला. तांदूळ निवडता निवडता त्याला हुंदका आला. सिंधूताईनं ऐकलं आणि तोंड फिरवून कणकेला पाणी लावलं.

ऊन उतरल्यावर, संध्याकाळी साडेसहाला नाल्याकडून आरडाओरडा झाला. दोरावरून जाताना रितिकाला चक्कर आली होती. कमरेला पट्टा होता म्हणून वाचली, चार पोरांनी उचलून हॉलमध्ये आणली. ओठांना भेगा पडलेल्या, डोळे आत गेलेले. ओआरएसचा ग्लास तोंडाशी नेला तर तिनं मान वळवली. "यात साखर आहे." अपूर्व सरांची आता गाळण उडाली होती. ते दवाखान्यात न्यायला गाडी बोलावत होते. रितिका डोळे न उघडता म्हणाली, "न्या. तिथं पण नाही घेणार."

सुशीलनं तिच्या ओठांकडे पाहिलं. असे ओठ त्यानं शामलाचे शेवटच्या आठवड्यात पाहिले होते. तो वळला, पुढं गेला आणि माइक हातात घेतला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"मी आज दुपारी सामानाच्या खोलीत गेलो होतो," तो म्हणाला. "गुडघे टेकले."

इथवर खरं होतं. पुढचं कसं आलं ते त्यालाही कळलं नाही.

"तिथं मले माझी शामला दिसली. प्रभूच्या बाजूले उभी होती. पदर खोचून. मले म्हणे, मी चांगली आहो, तुम्ही काहून रडता? पोरीले सांगा म्हणे. अन् मग प्रभूनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा मले सगळं परत मिळालं. माझ्या पोरीनं मले परत आणलं."

आणि तो रडला. ते रडणं अस्सल होतं, तीन वर्षांचं तुंबलेलं. शामलाचं नाव त्यानं चारचौघांत इतक्या दिवसांत घेतलंच नव्हतं. हॉल उठून उभा राहिला. हालेलूया, स्तुती, गिटार, सगळं एकदम. रितिका कोपरावर उठली होती आणि त्याच्या ओल्या चेहऱ्याकडे पाहत होती. ह्या वेळी तिनं मान हलवली नाही. वरण-भाताचा पहिला घास सुशीलनं स्वतः भरवला. ती लहान मुलीसारखी, भरल्या तोंडानं हसत जेवली.

रात्रीची भांडी लावताना सिंधूताई एवढंच म्हणाली, "पोरगी जेवली ना, भाऊ? मंग बाकीचं सोडा."

पण बाकीच्यानं त्याला सोडलं नाही. कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. महिन्याभरात भिवापूरहून बोलावणं आलं, मग कामठीहून, मग बेसाच्या नव्या मंडळीतून. बापलेकीनं जोडीनं साक्ष द्यायची. रितिका आधी उपासाचं सांगायची, मग सुशील सामानाच्या खोलीचं. डिसेंबरपर्यंत चौदा वेळा झालं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, हे त्याला मिठासारखं हाताला कळायला लागलं. लोक नंतर त्याच्याभोवती जमायचे, भाऊ आमच्यासाठी प्रार्थना करा म्हणायचे, आणि तो करायचा. घरी येताना रितिका स्कूटीवर मागं बसून गाणी म्हणायची. हे तिचं सुख आहे आणि आपण फक्त तोंड वापरतो, असं तो स्वतःला समजवायचा. पण आधी निदान एका माणसाला त्याच्या मनातलं माहीत होतं. आता ते माणूसही गेलं. रितिका त्याच्या ताटासमोर बसून जेवायची आणि त्याला तिच्यापाशी बोलता येईल असं एकही खरं वाक्य त्याच्याकडे उरलं नव्हतं.

जानेवारीत रोशनीची आई आजारी पडली. रोशनी रितिकाची कॅम्पमधली मैत्रीण, नाल्यावरून तिला उचलून आणणाऱ्यांपैकी एक. रितिका तिला म्हणाली, घाबरू नको, मी आहे ना. सुशीलनं नको म्हटलं, पण नको का, ते सांगता येईना. रितिकानं पाच दिवस उपास धरला. सहाव्या दिवशी रोशनीची आई गेली. मातीच्या वेळी रितिका रोशनीला धरायला पुढं झाली, तर रोशनीनं तिचा हात झटकला.

त्यानंतर रितिका गाणी म्हणेनाशी झाली. महिना गेला. एका रविवारी उपासना सुटल्यावर दोघं घरी आली. सुशीलनं कोंबडी केली, भात केला, दोन ताटं वाढली. रितिका ताटासमोर बसली आणि हात मांडीवरच ठेवला.

"पप्पा, एक विचारू? तुमच्यासाठी तीन दिवसांत झालं. रोशनीच्या मम्मीसाठी पाच दिवस केलं, तरी झालं नाही. म्हणजे माझ्यातच काही खोट असंल ना?"

"तुझ्यात काही खोट नाही बेटा."

"मग काहून नाही ऐकलं? तुमच्या वेळेस ऐकलं. म्हणजे मधल्या काळात मीच काही केलं. घमेंड आली मले. लोक व्हिडिओ पाहत होते, मले बरं वाटत होतं. म्हणून गेली ती." तिनं ताट पुढं सरकवलं. "मी आजपासून उपास धरून राहिली. जोपर्यंत मले माझं पाप दिसत नाही तोपर्यंत."

 एका क्षणात सुशीलला सगळं दिसलं. मरणाचं ओझं ही पोर डोक्यावर घेऊन बसली होती, कारण त्याच्या खोट्यानं तिला शिकवलं होतं, की उपास धरला की वरून उत्तर येतं. आता नाही बोललो तर कधीच नाही, असं त्याला वाटलं. त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

"बेटा, ऐक माझं. कॅम्पमध्ये मी जे सांगितलं ते खोटं होतं. त्या खोलीत काहीच झालं नाही. मले कोणी दिसलं नाही. तू मरशील म्हणून भेलो अन् बोललो. तेव्हाही काही नव्हतं, आजही नाही. तुझ्या उपासानं कोणी वाचलं नाही अन् तुझ्यापायी कोणी मेलं नाही. तू जेव."

 वर्षभरात पहिल्यांदा तो लेकीशी खरं बोलला होता.

 रितिकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली, अगदी मायेनं.

"किती जीव लावता हो तुम्ही, पप्पा. मी जेवावं म्हणून तुम्ही स्वतःची साक्षसुद्धा खोटी म्हणून राहिले."

"खोटीच आहे ती! तुझी शपथ!"

"शपथ नका घेऊ, पाप लागते. त्या दिवशी तुम्ही कसे रडले ते मी पाहिलं आहे. अन् मम्मीचं नाव घेऊन तुम्ही कधी खोटं बोलणार नाही. एवढं मले माहीत आहे."

तिनं आपलं ताट उचललं, भात पातेल्यात परत घातला, कोंबडीवर झाकण ठेवलं. "तुम्ही जेवा," म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन गुडघ्यावर बसली. सुशील दारापर्यंत गेला. ती त्याच्यासाठीच प्रार्थना करत होती, प्रभूनं पप्पांचा विश्वास असाच टिकवावा म्हणून.